प्रीमियर पद्मिनी, 1984 मॉडेल: 41 वर्षं वापरून मग लिहिलेला रिव्ह्यू

लोक गाडी घेऊन पंधरा दिवस झाले की रिव्ह्यू टाकतात, मला जरा उशीर झाला. आमच्या अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, 1979 ला नंबर लावला होता, तेव्हा गाडी विकत घ्यायची असं नसायचंच, नंबर लावायचा नि वाट बघायची, आणि ती साताऱ्यात दारात आली 1984 च्या दिवाळीला. मधे डिसेंबर 83 ला मारुती आली होती त्यामुळे झाडून सगळे पाहुणे अण्णांना सांगायला लागले की आता हा डबा कशाला, पैसे परत घ्या. अण्णा म्हणाले, पाच वर्षं वाट बघितलीय, आता लग्न मोडत नसतो मी.

आता पुतण्या म्हणतोय काका विकून टाका ना, शूटिंगवाले घेतील कोणीतरी, नुस्ती जागा अडवतीय. त्याला तोंडी नीट सांगता येईना म्हणून लिहून काढतोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मूळची इटलीची फियाट 1100, आपल्याकडे कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात बनायची, 1974 पासून नाव पद्मिनी. नाव बदललं तरी आमच्या घरात आजपण फियाटच म्हणतात. (डुक्कर फियाट वेगळी बरं का, ती हिच्या आधीची, गोलमटोल.) इंजिन 1089 सीसी, ताकद जेमतेम 40 हॉर्सपॉवर, आजच्या भाषेत म्हणजे काहीच नाही.

चालवायला कशी? सकाळी चोक (थंड इंजिनला जादा पेट्रोल देणारी खुंटी) ओढायचा, सेल मारायचा, दोनदा खाकरते, तिसऱ्यांदा उठते. चोक कधी आत ढकलायचा ते कुठे लिहिलेलं नाही, आवाज जरा घोगरा झाला की ढकलायचा. माझ्या बायकोला स्वयंपाकघरातनं कळतं, तिथनंच ओरडते, अहो चोक! स्टिअरिंग जागेवर फिरवायचं तर खांदे दुखतात, ब्रेक चारी चाकांना ड्रमचे, म्हणजे पुढच्या गाडीवाल्यानं ब्रेक दाबायच्या आधी तुम्ही दाबलेला बरा. एसी नाही, पण पुढच्या दाराला ती तिकोनी काच असते ना, ती उलटी वळवली की वारा थेट छातीवर येतो. आमची आई त्यातनं पदर उडतो म्हणून कायम तक्रार करायची नि काच मात्र कधी बंद करू द्यायची नाही.

गिअरचा दांडा स्टिअरिंगला, खाली नाही, हे मला या गाडीतलं सगळ्यात भारी वाटतं. कारण त्यामुळे पुढे अख्खा सोफा टाकलेला आहे. अण्णा, मधे मी, खिडकीला आई, आणि माझ्या गुडघ्याला कशाचाच अडथळा नाही. हल्लीच्या गाडीत पुढच्या दोघांच्या मधे कप ठेवायची जागा असते, आमच्यात पोरगं बसायचं. सेफ्टीच्या हिशोबानं हे किती भयंकर होतं ते मला माहितीय, आता मी मधे कुणाला बसवत नाही, पण बसलो होतो ते बसलो होतो.

आता खांबटकी घाटातलं सांगतो. गेल्या मे महिन्यात पुण्याहून साताऱ्याला येत होतो, पुतण्या बरोबर. भर दुपारी निघालो ही चूक माझी, अण्णा असते तर पहाटे चारला निघाले असते. घाट निम्मा चढलो नि गाडीनं दम सोडला, दोन आचके, गप्प. पोरगं लगेच मोबाइल काढून टोइंगवाल्याचा नंबर शोधायला लागलं. मी बोनेट उघडलं. या गाडीचं बोनेट उघडलं ना की इंजिनच्या बाजूनं खालचा रस्ता दिसतो एवढी मोकळी जागा असते, प्लग, पॉइंट, कार्बोरेटर, सगळं हाताला लागतं. इंजिनच्या अंगाला पेट्रोलचा पंप असतो, तो तापला की आत पेट्रोलची वाफ होते आणि पंप ओढतच नाही, याला मिस्त्री लोक हवा धरली म्हणतात. डिकीत एक जुनं धोतर ठेवलेलं असतं, अण्णांचंच, त्याची पट्टी फाडून ओली केली नि पंपाला गुंडाळली, वर बाटलीतलं पाणी सोडत बसलो. पोराला म्हणलं हात लाव, बघ गार झालाय का. त्यानं घाबरत बोट लावलं. वीस मिनिटांनी सेल मारला, लागली. त्यानं टोइंगवाल्याचा फोन कट केला आणि साताऱ्यापर्यंत एक अक्षर बोलला नाही, मला वाटतं चिडला असावा, पण घरी आल्यावर आजीला ते पंपाचं हातवारे करून त्यानंच सांगितलं.

खर्चाचं विचाराल तर अ‍ॅव्हरेज विचारू नका. 15 वर्षांनंतर दर पाच वर्षांनी आरटीओत पासिंग करून घ्यावं लागतं, कारची ही फी पूर्वी 600 रुपये होती ती एप्रिल 2022 मधे 5000 झाली, 20 वर्षांवरच्या गाड्यांना 2025 मधे परत वाढली, वर पर्यावरण कर आहेच. काहीजण म्हणतात व्हिंटेजमधे, म्हणजे खूप जुन्या गाड्यांच्या वेगळ्या नोंदणीत, टाका. पण त्याला गाडी 50 वर्षांची पूर्ण लागते आणि तो नंबर घेतला की रोजच्या वापराला गाडी काढता येत नाही, फक्त रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती असलं. मला मंडईत न्यायचीय हो, मिरवायची नाहीये. पेट्रोलमधे इथेनॉल वाढल्यापासून रबरी पाइप आणि वायसर एकदा सगळे बदलून घेतलेत, ते कराच.

खरी अडचण पार्टची नाही, मिस्त्रीची आहे. मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी ऑक्टोबर 2023 मधे अधिकृतपणे संपल्या, तोवर टॅक्सीवाल्यांच्या जिवावर ही विद्या जिवंत होती. एकदा नवीन गॅरेजला नेली तर तिथल्या पोरानं विचारलं, काका स्कॅनर कुठे लावायचा. हिच्यात कॉम्प्युटरच नाही, लावणार कुठे. वर पॉइंटचं (प्लगला ठिणगी देणाऱ्या कॉन्टॅक्टचं) गॅप अंदाजानं ठेवून दिलं, महिनाभर गाडी मिसिंग मारत, झटके देत होती. आमचे जुने मिस्त्री आता सत्तरीच्या पुढे आहेत, हात थरथरतात, पण गाडीला कान लावतात नि सांगतात दुसऱ्या नंबरचं टॅपेट (वॉल्व्ह उघडणारा भाग) बघ. मी बघतो. पान्हा आता माझ्या हातात असतो.

पाचपैकी किती द्यायचे? ब्रेकला दोन, अ‍ॅव्हरेजला एक, पुढच्या सोफ्याला पाच. पुतण्याला उत्तर: नाही विकायची.

आणि कुणी घेणार असाल तर वरच्या चकचकीत रंगाला भुलू नका, आधी पायाखालचं मॅट उचला आणि बोटानं पत्रा दाबून बघा. रंगात दोष झाकता येतो, फ्लोअर सडला असेल तर बोट आरपार जातं.