नौपाड्यातील संसदीय कामकाजाचा वर्ग: तिसऱ्या रविवारसाठी तरी जावे

ठाण्याच्या नौपाड्यातील एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर स्पर्धा परीक्षांची अभ्यासिका आहे. तिथे सर्वसामान्य नागरिकांसाठी चार रविवारांचा संसदीय कामकाजाचा वर्ग चालतो आणि त्याचे शुल्क ८०० रुपये आहे. इमारतीला लिफ्ट नाही, जिना अंधारा आहे, आणि पंख्याखालची जागा हवी असल्यास दहा मिनिटे आधी पोहोचावे लागते. पहिली दोन व्याख्याने नागरिकशास्त्राच्या पुस्तकाबाहेर फारशी गेली नाहीत. तिसरे व्याख्यान विरोधकांच्या गदारोळावर होते आणि हा अभिप्राय मुख्यतः त्याच्याविषयीच आहे.

सरांनी आधी आमच्याकडूनच प्रश्नोत्तराचा तास करून घेतला. एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांना मंत्री केले, मला विरोधी बाकांवर धाडले आणि टेबलावर मोबाइलचा टायमर लावला. आम्ही हौद्यात, म्हणजे अध्यक्षांसमोरच्या मोकळ्या जागेत, उतरून सहा मिनिटे घसा फोडला. टायमर वाजताच मंत्रिमहोदयांनी न उघडलेली फाइल काखेत मारली, 'सुटलो बुवा' म्हणत पाण्याची बाटली तोंडाला लावली आणि वर्ग हसला. लोकसभेत दररोज २० तारांकित, म्हणजे मंत्र्याने तोंडी उत्तर द्यायचे, प्रश्न यादीवर असतात. सभागृह तहकूब झाले तरी त्यांची लेखी उत्तरे पटलावर येतात, पण मंत्र्याला उभ्या उभ्या घाम फोडणारे उपप्रश्न बुडतात, आणि ते बुडवणारे त्या दिवशी आम्हीच होतो.

त्यानंतर डिसेंबर २०२३चे उदाहरण आले. संसदेच्या सुरक्षेतील त्रुटीवर गृहमंत्र्यांनी निवेदन करावे, ही विरोधकांची मागणी रास्तच होती. परंतु त्या गदारोळात दोन्ही सभागृहांतील मिळून १४६ खासदार निलंबित झाले (छापील टिपणात १४१ हा दोन दिवस आधीचा आकडा तसाच राहिला आहे, तो दुरुस्त करावा) आणि बहुसंख्य विरोधक बाहेर असताना भारतीय न्याय संहितेसह तीन फौजदारी विधेयके २० तारखेला लोकसभेत व २१ तारखेला राज्यसभेत आवाजी मतदानाने संमत झाली. निलंबनाचा दोष सरकारच्या पदरात घातला, तरी कलमवार दुरुस्त्या सुचवण्याची संधी विरोधकांच्या हातून गेली ती गेलीच.

इथवर मी सहमत होतो. मात्र गदारोळाने विरोधकांचे नेहमी नुकसानच होते, हा सरांचा निष्कर्ष मला पटला नाही. २०१०चे हिवाळी अधिवेशन टू-जी प्रकरणात (मोबाइल लहरींच्या वाटपातील कथित घोटाळा) जवळजवळ पूर्ण वाहून गेले, तरी २०११ मध्ये चौकशीसाठी दोन्ही सभागृहांच्या खासदारांची संयुक्त संसदीय समिती नेमावी लागली आणि कामकाज रोखणाऱ्या भाजपला २०१४ मध्ये २८२ जागा मिळाल्या. माझ्या मते फरक कागदाचा आहे: तेव्हा विरोधकांच्या हातात सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचा अहवाल होता, त्यामुळे घोषणेमागचा मुद्दा सभागृहाबाहेरही लोकांच्या तोंडी होता. असा कागद नसेल, तर मतदाराच्या लक्षात फक्त गोंधळ राहतो आणि कामचुकारपणाचा शिक्का मारण्याची सोय सत्ताधाऱ्यांना आयतीच मिळते. हे मी विचारले, तेव्हा सरांनी 'सगळेच पक्ष करतात' एवढ्यावर बोळवण केली. ८०० रुपयांत याहून बरे उत्तर मिळायला हवे होते.

आणखी एक तक्रार. दिल्लीवर तासभर घालवला, पण ५ जुलै २०२१ रोजी आपल्या विधानसभेने भाजपच्या १२ आमदारांना वर्षभरासाठी निलंबित केले, त्या प्रकरणाला अखेरची पाच मिनिटे मिळाली. अधिवेशनापलीकडचे ते निलंबन सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये घटनाबाह्य ठरवले. ठाण्यातल्या वर्गाने सुरुवात खरे तर तिथून करायला हवी होती.

अर्थसंकल्पावरचे चौथे व्याख्यान घाईत उरकले. पुढील तुकडीत फक्त तिसऱ्या रविवारी बसता येईल का, असे कार्यालयात विचारले, तर 'दोनशे भरा आणि या' म्हणाले. मी ते भरले आहेत. या खेपेस मंत्री व्हायचा विचार आहे.