सूर्यनमस्कार की स्थिर आसने: वीस मिनिटांत काय बसवाल?

रोज वीस मिनिटे काढायचे ठरले की पहिला प्रश्न हाच पडतो: सलग सूर्यनमस्कार घालावेत, की चार-पाच आसनांत थांबून शेवटी प्राणायाम करावा? दोन्ही योगच, पण शरीराकडून करून घेतलेली कामे वेगळी.

दम वाढवायचा असेल तर सूर्यनमस्कार सरळ उजवे ठरतात. मिनिटाला दोन-तीन या गतीने दहा मिनिटे घातले की नाडी वाढते, अंगाला घाम सुटतो. हात, खांदे आणि पोट शरीराचे वजन पेलतात. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सांगते. दम लागेल अशा गतीचे नमस्कार त्यात धरता येतात. पश्चिमोत्तानासनात, म्हणजे पाय पसरून पुढे वाकून, कितीही वेळ बसले तरी हे होत नाही. म्हणून फक्त स्थिर आसने करणाऱ्यांनी भरभर चालणे सोडू नये.

लवचिकतेचा हिशोब मात्र उलटा आहे. नमस्कारात पादहस्तासन, म्हणजे उभ्याने पुढे वाकण्याची स्थिती, दोन-तीन सेकंदच टिकते. मांडीमागचे स्नायू आखडलेले असतील तर तेवढ्यात सैल पडत नाहीत, आणि वाकण्याचे काम कंबरेवर येते. गुडघे ताठ, पाठीला पोक, बोटे जमिनीला टेकवायची घाई. पन्नास वेळा असेच वाकले की दुसऱ्या दिवशी कंबर धरते. गुडघे खुशाल वाकवा, पोट मांडीला लागू द्या आणि मग झेपेल तेवढेच पाय सरळ करा. हाच ताण पाठीवर झोपून देता येतो: तळपायाला पट्टा किंवा ओढणी अडकवून एक पाय वर घ्या, ३० ते ६० सेकंद थांबा, प्रत्येक पायाने दोनदा. पाठ जमिनीला टेकलेली असल्याने कंबरेला लबाडी करता येत नाही.

मनगटे दुखण्याची तक्रारही नमस्कारातलीच. सगळा भार तळव्याच्या मागच्या कडेवर पडतो म्हणून ती दुखतात. बोटे फाकवून तर्जनीचे मूळ जमिनीत दाबले की भार वाटला जातो. भुजंगासनात हातांनी रेटून वर जाऊ नका. कोपरे किंचित वाकलेली आणि खांदे कानांपासून लांब ठेवा.

जुनाट कंबरदुखी असेल तर सुरुवात स्थिर आसनांनीच करा. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ साली अशा दुखण्यात औषधाआधी करून पाहायच्या उपायांत योगाचाही समावेश केला. पण पायात मुंग्या किंवा बधिरपणा उतरत असेल तर आधी डॉक्टर.

मनाच्या बाबतीत संथ श्वासाची बाजू मला जड वाटते. श्वास सोडताना हृदयाचे ठोके मंदावतात, म्हणून उच्छ्वास लांबवायचा: ४ सेकंद आत, ६ सेकंद बाहेर, मिनिटाला सहा श्वास, पाच मिनिटे. चूक होते ती छाती फुगवून मोठमोठे श्वास घेण्यात. कार्बन डायऑक्साइड फार कमी होऊन चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात; आणि हा माणूस म्हणतो, मला प्राणायाम सोसत नाही! श्वास लहानच, फक्त सावकाश. मात्र काही जण गप्प बसले की त्यांचे मन जास्तच धावते. त्यांनी आधी सहा नमस्कार घालावेत आणि मग बसावे. रात्री झोपण्यापूर्वी मात्र नमस्कार नकोत. नैराश्याची किंवा चिंतेची औषधे चालू असतील तर ती योगाच्या भरवशावर बंद करू नयेत.

काचबिंदू असेल तर डोके खाली जाणाऱ्या स्थितींत डोळ्यातला दाब वाढतो, म्हणून पर्वतासनासह नमस्कार टाळा. हाडे ठिसूळ झाली असतील तर पाठ गोल करून पुढे वाकण्याने मणका दबून मोडू शकतो. इथे दोन्ही प्रकारांतली पुढे वाकणारी आसने बाद. गरोदरपणी पोटावर येणाऱ्या स्थिती आणि कपालभाती नको.

या अडचणी नसतील तर माझी वाटणी अशी: ७ मिनिटे नमस्कार, ८ मिनिटे तीन आसने, ५ मिनिटे श्वास, याच क्रमाने, तापलेले स्नायू ताण चांगला सोसतात. नमस्कारांत तोंडाने श्वास घ्यावा लागला की गती कमी करा, संख्या नंतर वाढेल.