एसी लावला की आरपीएम पडतो: ओबीडी स्कॅनर काही महिने वापरल्यावर

ब्लूटूथचा साधा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या सॉकेटला लावून इंजिनची माहिती मोबाईलवर दाखवणारं यंत्र) घेतला तो एकाच तक्रारीसाठी. गाडी उभी असताना एसी लावला की इंजिन थरथरायचं, कधीकधी बंदही पडायचं. चेक इंजिनचा दिवा मात्र लागायचा नाही. त्यामुळे एरर कोड वाचण्याचा इथे उपयोग शून्य. कामाला आला तो लाइव्ह डेटा, म्हणजे इंजिन चालू असतानाचे आकडे.

इंजिन पूर्ण गरम करून, गाडी न्यूट्रलला ठेवून मोबाईलवर आरपीएमचा (इंजिनच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा) आलेख लावला. एसी बंद असताना ७५०. बटण दाबलं, कॉम्प्रेसरचा क्लच टक् करून बसला आणि आरपीएम थेट ५०० च्या खाली, मग धापा टाकत वर. एरवी एसीची मागणी येताच ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) जास्त हवा सोडून आयडल (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता असलेला आरपीएम) सावरतो, बऱ्याच गाड्यांत थोडा वाढवतोही. म्हणजे एकतर ती हवा वेळेवर मिळत नव्हती, किंवा कॉम्प्रेसरच जड चालत होता.

मग फ्युएल ट्रिम पाहिला, म्हणजे ईसीयू ठरलेल्यापेक्षा इंधन किती वाढवतो (प्लस) किंवा कमी करतो (मायनस) तो आकडा. एअरफ्लो सेन्सरच्या (आत येणारी हवा मोजणाऱ्या) गाडीत ट्रिम आयडलला बराच प्लस आणि २५०० आरपीएमला शून्याजवळ आला, तर कुठून हवा गळते का हे पाहायला व्हॅक्यूम होज आधी तपासावेत. माझा ट्रिम दोन्हीकडे ठीक होता, म्हणून थ्रॉटल बॉडीचा (इंजिनात जाणारी हवा झडपेने कमीजास्त करणाऱ्या भागाचा) पाईप काढला. झडपेच्या कडेला काजळीचं काळं कडं साचलं होतं. थ्रॉटल क्लीनर आणि मऊ कापडाने पुसलं. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची झडप बोटाने जोर लावून ढकलू नका, आतले गिअर प्लास्टिकचे असू शकतात.

साफसफाईनंतर आयडल चक्क वाढला. ईसीयूने काजळी धरून शिकलेली जुनी सवय होती ती. आयडल रीलर्न (ईसीयूला आयडल नव्याने शिकवणं) या स्कॅनरने होत नाही, मॅन्युअलमधल्या पद्धतीने करावं लागलं. आता एसी लावला की आरपीएम क्षणभर हलतो आणि ८०० वर स्थिरावतो. इतके महिने झाले, तसाच आहे.

स्कॅनरच्या मर्यादाही सांगतो. एका वेळी खूप रीडिंग लावली तर आलेख इतका संथ होतो की नेमका तो झटकाच सुटतो. फक्त आरपीएम, ट्रिम आणि व्होल्टेज ठेवा. इंजिन चालू असताना साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट हवेत. फॅन लागल्यावर ते फार घसरत असतील तर अल्टरनेटर आणि अर्थिंग बघा. एसीच्या गॅसचं प्रेशर मला यात दिसत नाही. कंडेन्सर (एसीचा गॅस थंड करणारी पुढची जाळी) धुळीने भरला किंवा गॅस जास्त भरला गेला तर कॉम्प्रेसर जड होतो, आणि त्यासाठी प्रेशर गेजच लावावा लागतो. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर स्कॅनर काढून ठेवा, बॅटरी उतरते.