इंजिन न खोलता झालेले निदान : कुर्ल्यातील एका गॅरेजविषयी

दादर ते प्रभादेवी एवढीच रोजची ये-जा असलेल्या आमच्या नऊ वर्षे जुन्या पेट्रोल गाडीचे कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) जुलैमध्ये आठ-दहा दिवसांत वरच्या खुणेवरून खालच्या खुणेपर्यंत उतरू लागले. गाडीखाली मात्र थेंबही दिसत नव्हता. घराजवळच्या गॅरेजने ऑइलचे झाकण उघडून आतला सायीसारखा पिवळसर थर दाखवला आणि हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या आणि खालच्या भागांमधले, कूलंट आणि ऑइल एकमेकांत मिसळू न देणारे पातळ सील) गेल्याचे सांगत इंजिन खोलण्याचा ३८ हजारांचा अंदाज दिला. एवढा खर्च करण्यापूर्वी दुसरीकडे दाखवावे, म्हणून कुर्ल्याला सीएसटी रोडवरील सुट्या भागांच्या दुकानांमागे असलेल्या एका छोट्या गॅरेजमध्ये गाडी नेली.

तिथल्या मिस्त्रींनी इंजिन पूर्ण थंड होईपर्यंत कूलंटच्या बाटलीच्या झाकणाला हात लावला नाही. मग हातपंप जोडून झाकणावर लिहिलेल्या १.१ बारइतका दाब भरला आणि काटा पाहत राहिले. वीस मिनिटांत काटा सावकाश खाली आला, म्हणजे गळती नक्की होती. ती आतली की बाहेरची, हे ठरायचे होते. त्यासाठी बाटलीतले थोडे कूलंट काढून तोंडाशी निळ्या द्रवाची नळी बसवली आणि इंजिन चालू ठेवून बाटलीतली हवा त्या द्रवातून ओढली. सिलिंडरमधला जळालेला वायू कूलंटमध्ये शिरत असेल, तर त्यातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे हा द्रव पिवळा पडतो. आमचा निळाच राहिला.

त्यानंतर डिपस्टिकवरचे (ऑइलची पातळी मोजायच्या पट्टीवरचे) ऑइल त्यांनी पांढऱ्या कागदावर टेकवले. डाग तपकिरी आणि स्वच्छ होता, त्यात दुधाळपणा नव्हता आणि ऑइलची पातळीही वाढलेली नव्हती. झाकणाखालची साय पावसाळी दमट हवेतली आणि इंजिनातच धरणारी वाफ होती; दहा-पंधरा मिनिटांच्या फेऱ्यांत ऑइल पुरेसे तापत नाही, त्यामुळे ती उडून जात नाही. केवळ त्या सायीवरून हेड गॅस्केटचा निष्कर्ष काढणे मला आता बेजबाबदारपणाचे वाटते, कारण त्यावर एखाद्या घराचे महिन्याचे गणित कोलमडते.

खरा दोष टॉर्च आणि छोट्या आरशाने सापडला. कूलंट इंजिनात फिरवणाऱ्या वॉटर पंपाच्या खालच्या बारीक भोकापासून गुलाबी, मिठासारखी खरखरीत रेघ ओघळली होती. तिथून झिरपणारे कूलंट गरम धातूवरच सुकत असल्यामुळे जमिनीपर्यंत पोहोचतच नव्हते. काढलेला जुना पंप त्यांनी माझ्या हातात दिला; त्याचा दांडा बोटांनीही हलत होता.

पंप, बेल्ट, नवे कूलंट आणि मजुरी मिळून ६,२०० रुपये झाले, तपासणीचे ४०० त्यातच धरले. कूलंट भरताना अडकलेली हवा काढण्यासाठी त्यांनी जवळजवळ तासभर दिला, ही बाब मला विशेष महत्त्वाची वाटते, कारण घाईत भरलेल्या कूलंटमध्ये हवा राहिली की इंजिन पुन्हा तापते. उणिवाही आहेत : गाडी लावायला जागा नाही, दाब तपासण्याचा संच एकच असल्याने दीड तास थांबावे लागले आणि तपशीलवार बिल मागितल्यावरच मिळाले. दुरुस्तीला सात आठवडे झाले. दर रविवारी सकाळी गाडी थंड असताना मी बाटली पाहतो आणि पातळी वरच्या खुणेवरच आहे.