आठ महिने, १८ डाइव्ह आणि एक डाइव्ह प्लॅनर: इंदूरहून लिहिलेला अनुभव

स्कूबा डाइव्ह पाण्यात उतरण्याआधीच आखून बघायला मी सबसर्फेस नावाचं सॉफ्टवेअर वापरते. आधी ते शोधायची वेळ का आली ते सांगते. गेल्या मे महिन्यात कोकण किनाऱ्यावर मी आणि माझा भाचा १६ मीटर खोलीवर होतो. दोघांची ओपन वॉटर, म्हणजे पहिल्या पायरीची, सर्टिफिकेट अगदी ताजी. बोटीवर मी गाईडला विचारलं होतं, किती खोल जायचं, किती वेळ, किती हवा उरली की वर निघायचं. "ताई, काळजी नको, मी आहे ना," एवढंच उत्तर मिळालं. खाली माझा गेज (सिलिंडरमधल्या हवेचा दाब दाखवणारी तबकडी) ७० बारवर आला तेव्हा सहज भाच्याचा बघितला, तर ४०. गाईड पुढे, आमच्याकडे पाठ करून. मी भाच्याचा दंड धरला, अंगठा वर करून "वर चल" अशी खूण केली आणि आम्ही निघालो. सेफ्टी स्टॉपची, म्हणजे वर येताना पाच मीटरवर थांबायची, तीन मिनिटं कशीबशी काढली. बोटीवर चढलो तेव्हा त्याच्या सिलिंडरमध्ये १५ बार होते.

झालं काहीच नाही. पण पुण्याहून इंदूरच्या गाडीत रात्रभर माझा डोळा लागला नाही. वहिनीला मी शब्द देऊन त्याला नेलं होतं. गाईडने सांगितलं नाही हे खरंच, पण माझ्या सिलिंडरमधली हवा मला किती वेळ पुरेल हे मला तरी कुठे ठाऊक होतं? परीक्षा पास झाले होते, गणित मात्र कधी स्वतःसाठी मांडलं नव्हतं.

पावसाळ्यात मालवणकडचं डायव्हिंग बंदच असतं. इंदूरला बसून करणार काय, म्हणून ऑगस्टमध्ये प्लॅनर शोधायला घेतला. कोर्समध्ये मिळालेला तक्ता, म्हणजे रिक्रिएशनल डाइव्ह प्लॅनर, घरात होताच. तो चांगला आहे, बॅटरी लागत नाही. १८ मीटरला ५६ मिनिटं, २० ला ४५, ३० ला २० अशी नो-डिकम्प्रेशनची मर्यादा तो सरळ सांगतो, म्हणजे अंगात शिरलेला नायट्रोजन सोडायला वर येताना सक्तीचे थांबे न लागता किती वेळ राहता येईल ते. पण त्याच्या हिशेबात तुम्ही सगळा वेळ सर्वांत खोल जागीच असता, आणि हवेबद्दल तो चकार शब्द बोलत नाही. मग फोनवरचं एक ॲप वर्षाचे पैसे भरून घेतलं. दिसायला सुरेख, पण दर वेळी लॉगिन मागायचं आणि जेट्टीवर रेंज नसली की उघडायचंच नाही. लवकरच ते काढून टाकलं.

शेवटी टिकला तो सबसर्फेस. हे फुकट आणि मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आहे. लिनक्सवाल्या लिनस टोरवाल्ड्स यांनी २०११ मध्ये स्वतःच्या डाइव्हच्या नोंदी ठेवायला ते सुरू केलं. मुळात ही नोंदवहीच, प्लॅनर तिच्या आत बसलेला आहे. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. मी घरच्या जुन्या लॅपटॉपवर घातलं आणि सप्टेंबरात, अनंत चतुर्दशीच्या झांक्या (चित्ररथ) बघून मध्यरात्री घरी आलो त्याच रात्री भाच्याला शेजारी बसवून पहिला प्लॅन मांडला.

त्यात रिक्रिएशनल मोड निवडायचा. खोली भरली की तिथे जास्तीत जास्त किती मिनिटं राहता येईल ते तो काढून देतो, आणि काढताना दोन गोष्टी एकदम बघतो. एक, वर येताना सक्तीचे थांबे लागू नयेत. दुसरी, सिलिंडरमधली हवा तुम्ही सांगितलेल्या राखीव साठ्याच्या खाली जाऊ नये. दोन्हींत जी मर्यादा आधी येईल ती तुमची. नायट्रोजनचा हिशेब झुरिकचे डॉक्टर अल्बर्ट ब्यूलमन यांच्या पद्धतीने होतो. शरीराचे १६ कप्पे मानायचे, प्रत्येक कप्पा आपापल्या गतीने नायट्रोजन घेतो आणि सोडतो, सगळ्यांत मंद कप्प्याचा अर्धकाळ, म्हणजे निम्मं भरायला लागणारा वेळ, ६३५ मिनिटांचा. स्क्रीनवर खोलीचा आलेख दिसतो, त्यावरचे ठिपके माउसने ओढले की सगळे आकडे बदलतात.

त्या रात्री १८ मीटर भरलं. तक्ता ५६ मिनिटं म्हणतो, म्हणून साधारण तेवढंच येईल अशी माझी अपेक्षा होती. उत्तर अर्ध्या तासाच्याही आतलं आलं. भाचा म्हणाला, "आत्या, काहीतरी चुकलंय." मी कागद घेतला. पृष्ठभागावर दाब १ बार, दर दहा मीटरला आणखी एक, म्हणून १८ मीटरवर २.८ बार; तेवढ्या पटीने हवा जास्त लागते. दर मिनिटाला पृष्ठभागावर २० लिटर हवा लागते असं धरलं, तर खाली लागणार ५६ लिटर. ॲल्युमिनियमचा सिलिंडर ११.१ लिटरचा. भरलेल्या २०० बारपैकी ५० राखले तर वापरायला १६६५ लिटर. भागिले ५६ म्हणजे जेमतेम ३० मिनिटं, त्यातच उतरणं आणि चढणं. सॉफ्टवेअर बरोबर होतं. एका सिलिंडरवर डाइव्ह करणाऱ्या आपल्यासारख्यांची हवा नायट्रोजनच्या मर्यादेच्या कितीतरी आधी संपते. मेमध्ये नेमकं हेच घडत होतं आणि आम्ही दोघंही दुसऱ्याच घड्याळाकडे बघत होतो.

इथे एक मुद्दा सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. ते २० लिटर सॉफ्टवेअरमध्ये आधीपासून भरलेलं असतं. ते तुमचं नाही! नोव्हेंबरात मालवणला गेलो तेव्हा मी पहिल्यांदा स्वतःचा आकडा मोजला. सरासरी खोली ८ मीटर, म्हणजे दाब १.८ बार. ३० मिनिटांत २०० वरून ५० वर आले. १६६५ भागिले ३० भागिले १.८, उत्तर जवळजवळ ३१ लिटर. हा आकडा प्लॅनरमध्ये घातला आणि १८ मीटरवरचा माझा वेळ १९ मिनिटांच्या आसपास आला. तेव्हा आधीपासून भरलेल्या आकड्यावर विसंबून कुणीही पाण्यात उतरू नये. दोन-तीन शांत डाइव्ह करा, सुरुवातीचा आणि शेवटचा बार लिहा, सरासरी खोली घ्या आणि आपला सॅक, म्हणजे पृष्ठभागावर मिनिटाला लागणाऱ्या लिटरचा आकडा, काढा. आठ महिन्यांत या सॉफ्टवेअरने मला दिलेली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच.

आकडा कळल्यावर तो कमी करायची ओढही लागली. हिवाळाभर इथल्या तरणतलावात सावकाश पाय मारायचा आणि लांब श्वास सोडायचा सराव केला. वजनाच्या पट्ट्यातला जास्तीचा भार उतरवला, माझ्या बाबतीत तोच मोठा दोष होता. जानेवारीत अंदमानला सरासरी १२ मीटरवर ३५ मिनिटांत १४० बार गेले, म्हणजे माझा सॅक २० लिटर. भाच्याचा २४ आहे. त्याची छाती मोठी, त्याला लागणारच. दोघांचा प्लॅन आता त्याच्या आकड्यावर होतो.

राखीव हवेचा हिशेबही याच काळात बदलला. ५० बार ठेवा असं सगळीकडे सांगतात, पण का, ते कुणी फोड करून सांगत नाही. मी मांडून बघितलं. समजा १८ मीटरवर भाच्याची हवा संपली आणि तो माझ्या पर्यायी रेग्युलेटरवर, म्हणजे माझ्याच सिलिंडरला जोडलेल्या श्वासाच्या दुसऱ्या नळीवर आला. घाबरल्यावर श्वास वाढतो, म्हणून दोघांचे मिळून मिनिटाला ६० लिटर धरले. सावरायला एक मिनिट: १६८ लिटर. मिनिटाला नऊ मीटरने वर यायला दोन मिनिटं: २२८. पाच मीटरवर तीन मिनिटं: २७०. बेरीज ६६६ लिटर, ११.१ ने भागलं की ६० बार. तेव्हापासून रिझर्व्ह गॅसच्या चौकटीत मी ६० लिहिते, त्याहून खोल प्लॅन असेल तर आणखी जास्त. मेमध्ये मी वर निघाले तेव्हा माझ्याकडे ७० होते. हे मी वहिनीलाही सांगितलं, आकड्यांसकट. तिने सगळं ऐकून घेतलं आणि पुढच्या वेळचा प्लॅन आधी दाखवायला सांगितला. तेव्हापासून दाखवते.

दिवसातली दुसरी डाइव्ह ठरवताना प्लॅनर पहिल्या डाइव्हमधला उरलेला नायट्रोजन आपोआप धरतो, मात्र पहिली डाइव्ह नोंदवहीत असायला हवी आणि नव्या प्लॅनची तारीख-वेळ बरोबर हवी. मी खोली आणि वेळ नोंदवणारा मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर लॅपटॉपला केबलने जोडून नोंद उतरवून घेते. सराव म्हणून जतन केलेले प्लॅनही त्याच यादीत जाऊन बसतात, हे मला उशिरा कळलं. आता सरावाची फाइल वेगळी आणि खऱ्या डाइव्हची वेगळी.

आणखी एक चूक माझीच. प्लॅनरमध्ये उंचीची चौकट आहे. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर, म्हणून मी तेच भरत होते. भाच्याने एके दिवशी पोह्यांवर जीरावन टाकता टाकता स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाला, "आत्या, पाणी मालवणचं आहे ना? मग उंची शून्य." खरंच. ती चौकट डोंगरातल्या तळ्यांत उतरणाऱ्यांसाठी आहे.

दर प्लॅनखाली मोठ्या अक्षरांत एक इशारा छापून येतो: या गणिताची चाचणी मर्यादित झालेली आहे, केवळ याच्या भरवशावर डाइव्ह ठरवू नका. मला तो प्रामाणिक वाटतो. मी तो पाळते. सॉफ्टवेअरचा आकडा, तक्त्याचा आकडा आणि मनगटावरच्या कॉम्प्युटरचा आकडा, तिघांत जो सर्वांत कमी तो धरायचा. तो प्लॅस्टिकच्या पांढऱ्या पाटीवर शिसपेन्सिलीने लिहायचा: खोली, मिनिटं, किती बारला परत वळायचं, किती बारला वर निघायचं. बोटीवर गाईडला ती पाटी दाखवायची. अंदमानातल्या गाईडने ती नीट वाचली आणि स्वतःचा बेत त्याप्रमाणे बदलला.

ज्यांना सुट्टीत एकदाच तोंडओळखीपुरती डाइव्ह करायची आहे त्यांना यातलं काही लागणार नाही. इंग्रजी शब्दांची दाटी आहे, पहिले दोन आठवडे जड जातात, आणि मोठ्या पडद्यावरच ते सोपं वाटतं. ज्यांच्याकडे सर्टिफिकेट आहे आणि वर्षाला दहाएक डाइव्ह होतात, त्यांनी मात्र जरूर घ्यावं.

घरी परतायचा हिशेब मात्र आपला आपणच करावा लागतो, आणि इंदूरकरांनी तो करायलाच हवा. अंगात नायट्रोजन उरलेला असताना उंचीवर जायचं नसतं, म्हणून विमानासाठी नियम ठरलेला आहे: एका डाइव्हनंतर किमान १२ तास, एका दिवसात जास्त किंवा सलग काही दिवस केल्या तर १८. हाच नियम ६०० मीटरपासून वरच्या उंचीला लावतात, आणि मालवणहून आंबोलीमार्गे निघालात तर घाटमाथा ६९० मीटरच्या आसपास आहे. सकाळी दोन डाइव्ह, दुपारी मासे-भात आणि संध्याकाळी गाडीने घाट, असा बेत आम्हीही नोव्हेंबरात केला होता. मार्चमध्ये तो मोडला. दुसऱ्या डाइव्हहून सकाळी साडेअकराला वर आलो, रात्री मालवणलाच राहिलो. पहाटे भाचा गाडीत सामान भरून किल्ली घेऊन तयार होता. मी पाटीवरची वेळ बघितली आणि सात वाजेपर्यंत त्याला चहा पाजत बसवलं.