मेट्रोचं तिकीट फोनवर, पुढची बस नशिबावर

नागपूर मेट्रोच्या गाडीत नाव ठेवायला फारशी जागा नाही. डबे तीनच, पण गार, आणि मे महिन्यात पारा 45 ला टेकला की खापरीहून बर्डीला, म्हणजे सीताबर्डीला, यायला याहून बरं साधन नाही. मार्च 2019 मध्ये याच मार्गावर गाडी सुरू झाली, डिसेंबर 2022 मध्ये ऑटोमोटिव्ह चौक आणि प्रजापती नगरपर्यंत पहिला टप्पा पुरा झाला. लाइन बदलायची ती सीताबर्डीला. दोन्ही लाइनचे फलाट वेगवेगळ्या मजल्यांवर आहेत, तेव्हा जिन्याची पाच मिनिटं हाताशी ठेवा. शहर बस धरायची असेल आणि तुम्ही लोकमान्य नगरकडून येत असाल, तर एक स्टेशन आधी, झाशी राणी चौकातच उतरा. मोरभवन हा शहर बसचा थांबा लागूनच आहे.

खरी परीक्षा स्टेशनाबाहेर. दोन लाइन शहरावर बेरजेच्या चिन्हासारख्या पडल्यात, मधले कोपरे कोरेच राहिलेत. हुडकेश्वर, मानेवाडा, बेसा या सगळ्यांना बस किंवा ऑटोच. आणि बसचं गणित साधं आहे. जाऊन-येऊन, टोकाच्या थांब्यासकट फेरी 60 मिनिटांची असेल आणि दर 10 मिनिटांनी बस हवी असेल, तर मार्गावर सहा गाड्या लागतात, शिवाय एक राखीव. तीनच दिल्या की थांब्यावर 20 मिनिटं. त्यातली एक डेपोत अडकली की कुठंतरी थेट 40. एवढा वेळ उन्हात कोण उभं राहतं? माणूस शेअर ऑटोत बसतो, बस रिकामी फिरते, आणि पुढच्या आढाव्यात 'प्रवासी नाहीत' म्हणून तो मार्गच कापला जातो.

यावर 'बसपेक्षा नेट द्या, लोक घरूनच कामं करतील' हा सल्ला हमखास येतो. तो मिहान या विमानतळालगतच्या उद्योगवसाहतीतल्या लॅपटॉपवाल्यांना लागू पडेल, तिथं झाडलोट करणाऱ्या बाईला नाही. शहरात नेट खासगी कंपन्या आपल्या पैशानं पोचवतातच. सरकारी फुकट वायफायचा नमुना नागपूर रेल्वे स्टेशनवर बघा: रोजचा पहिला अर्धा तास मोफत, पण आधी मोबाईलवर ओटीपी यायला हवा. म्हणजे सिमला रेंज असेल तरच वायफाय!

खेड्यात मात्र हिशेब उलटतो. तिथं कंपनीला फायबर टाकणं परवडत नाही, म्हणून 2011 मध्ये मंजूर झालेली, पुढं भारतनेट नाव मिळालेली योजना. फायबर तालुक्याहून ग्रामपंचायतीत येते. जुनी मांडणी सरळ रेषेची; रस्त्याच्या कामात जेसीबीनं एका जागी केबल तोडली की पुढची सगळी गावं बंद. त्यात नेटच्या यंत्राचा डबा ग्रामपंचायतीच्या खोलीत कुलपाआड: वीज गेली, बॅटरी बसली की दिवाच लागत नाही. 2023 च्या सुधारित योजनेत (1,39,579 कोटी रुपये) केबलची रिंग आहे, म्हणजे एक बाजू तुटली तर डेटा दुसऱ्या बाजूनं फिरून येतो. बदल योग्यच, पण बॅटरी कोण बदलणार हे ठरलं नाही तर रिंगही शोभेचीच.

आणि गावच्या नेटचे आणि शहर बसचे पैसे एका गल्ल्यातले नाहीत. भारतनेटचा निधी दूरसंचार कंपन्यांच्या महसुलावरच्या आकारणीतून येतो. त्यातून शहर बसचं डिझेल भरता येत नाही. बसची तूट महापालिकेच्या तिजोरीवर पडते, म्हणून कात्रीही आधी तिथंच लागते. राज्याला हातचा पैसा कुठं घालायचा हे ठरवायचं असेल तर नागपुरात तो बसमध्येच घालावा. मेट्रोचा 43.8 किलोमीटरचा दुसरा टप्पा कन्हान, बुटीबोरी, हिंगणा आणि कापसीकडे जातोय, खर्च 6,708 कोटी. त्या स्टेशनांच्या फीडर, म्हणजे वस्तीतून स्टेशनापर्यंत ने-आण करणाऱ्या, बसगाड्या आणि चालक उद्घाटनाआधी मार्गावर हवेत. एकदा प्रवाशानं दुचाकीचा हप्ता सुरू केला की तो परत येत नाही.