टिप द्यायच्या आधी बिल वाचा: एसी फॅमिली रेस्टॉरंटच्या सेवेची पारख

पुण्या-मुंबईच्या एसी फॅमिली रेस्टॉरंटची सेवा पहिल्या पाच मिनिटांत कळते. चांगला वेटर 'साधं पाणी की बाटली?' एवढं विचारून थांबतो. न विचारता बाटलीचं झाकण फिरवणाऱ्या ठिकाणी पुढचं बिलही नीट तपासावं.

स्टार्टर अर्धा असतानाच भाजी-रोटी टेबलावर आली, तर वेटरवर चिडू नका. ऑर्डर घेणाऱ्या कॅप्टनने दोन्हींचं केओटी, म्हणजे ऑर्डरची चिठ्ठी, एकदम किचनला दिलेलं असतं. ऑर्डर देतानाच 'मेन कोर्स सांगू तेव्हा लावा' म्हणावं. रोट्याही दोन-दोन करून मागवाव्यात. आठ एकदम आल्या की शेवटच्या चार चामट होतात.

खरी गोम बिलात असते. बडीशेपेच्या वाटीसोबत फोल्डर येतं आणि आपण थेट शेवटचा आकडा बघतो. समजा खाणं 1,200 रुपयांचं झालं. 5 टक्के जीएसटी (अडीच केंद्राचा, अडीच राज्याचा) धरून 1,260 व्हायला हवेत. मध्ये 10 टक्के 'सर्व्हिस चार्ज' घुसला की आधी 120 वाढतात, मग जीएसटी 1,320 वर लागतो आणि बिल 1,386 वर जातं. म्हणजे 126 रुपये जास्त, त्यातले 6 तर निव्वळ त्या चार्जवरचा कर.

जीएसटी सरकारचा, तो द्यावाच लागतो. सर्व्हिस चार्ज हा कर नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्येच तो आपोआप, किंवा दुसऱ्या कुठल्याही नावाने, बिलात लावायला मनाई केली. रेस्टॉरंट संघटना कोर्टात गेल्या, पण 28 मार्च 2025 ला दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या याचिका फेटाळल्या. तेव्हा 'हा काढून नवीन बिल द्या' असं शांतपणे सांगा. वेटरला नको, मॅनेजरला. बिल बदलणं वेटरच्या हातात नसतं. ऐकलं नाही तर बिलाचा फोटो ठेवून 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा.

चार्ज काढायला लावला म्हणून टिप मात्र चुकवू नये. सेवा आवडली तर खाण्याच्या रकमेवर, कर सोडून, 5 ते 10 टक्के पुष्कळ झाले. उडप्याकडे दहा-वीस रुपयेही मनापासून घेतले जातात. कुपनावर काउंटरवरून स्वतः ताट उचलायचं असेल तिथे काही द्यायची गरज नाही.

आणि टिप रोखच द्या. काउंटरवरच्या क्यूआरवर बिलासोबत जास्तीचे पैसे टाकले तर ते मालकाच्या खात्यात जातात. पोरांपर्यंत पोचतील की नाही, हे मालकावर. पूर्वी 240 रुपये परत द्यायचे तर वेटर मुद्दाम दहा-दहाच्या नोटा मिसळून आणायचा, त्यातल्या दोन-चार फोल्डरमध्ये राहायच्या. यूपीआय आलं आणि ती सुट्टी नाणी-नोटा गेल्या. खिशात पन्नासच्या दोन नोटा ठेवा. फोल्डर बहुधा कॅप्टन उचलतो, म्हणून ज्याने वाढलं त्याच्या हातात द्या. आणि टिपचा सामायिक डबा नसेल तर टेबल पुसणाऱ्या हेल्पर पोराला वेगळे वीस.